हल्लेखोर सैन्याचा डाव

ज्यानें आयुष्याचीं चाळीस वर्षें बुद्धिबळाच्या पटावर राजाभोंवतीं प्याद्यांची भिंत उभारण्यांत घालविलीं, त्याच्या हातीं उतारवयांत एक हिरव्या कातडीचें, आरडाओरड करणारें, पुढें धांवण्यापलीकडे दुसरें कांहींच न येणारें सैन्य दिलें, तर त्याची काय गत होते, हें मला गेल्या हिवाळ्यांत अनुभवानें कळलें. मुक्काम इंग्लंडांत, नॉटिंगहॅम शहरीं, मुलीच्या घरीं होता. दुपारीं चार वाजतांच तेथें काळोख पडे. फिरावयास जाणें नाहीं, शेजारीं कोणाकडे जाऊन बसणें नाहीं. चौदा वर्षांच्या नातवाला माझी दया आली म्हणा, अथवा त्याला नेहमींचा भिडू मिळेना म्हणून म्हणा, एका रविवारीं त्यानें जेवणाच्या टेबलावर फळी मांडली आणि मला समोर बसविलें.

खेळाचें नांव ‘वॉरहॅमर ४०,०००’. गेम्स वर्कशॉप ही कंपनी १९७५ सालीं लंडनमध्यें निघाली. १९८३ मध्यें तिनें ‘वॉरहॅमर’ नांवाचा खेळ काढला, आणि १९८७ मध्यें, मानवजातीच्या एकेचाळिसाव्या सहस्रकांतील युद्धें कल्पून, हा दुसरा. कंपनीचें मुख्य ठाणें नॉटिंगहॅमलाच आहे. तेव्हां तेथें राहून हा खेळ न पाहणें म्हणजे पैठणास जाऊन पैठणी न पाहण्यासारखेंच झालें असतें!

आपल्याकडील वाचकांस त्याची कल्पना यावी म्हणून दोन शब्द सांगतों. ह्या खेळांत पटावर घरें नसतात. चव्वेचाळीस इंच लांब व तीस इंच रुंद अशा फळीवर (मोठ्या डावाला याहून मोठी लागते) पडक्या भिंती, टेकाडें वगैरे मांडतात. सैनिक म्हणजे दीड-दोन इंच उंचीच्या प्लॅस्टिकच्या मूर्ति. त्या सुट्या भागांच्या चौकटींत विकत मिळतात. ते भाग कापावे, चिकटवावे, आणि मग बारीक कुंचल्यानें एकेक रंगवावा, असा परिपाठ आहे. हा षोक स्वस्त नव्हे, हेंही ओघानें सांगून ठेवतों. चाल मोजपट्टीनें इंचांत मोजावयाची. बंदुका आधीं झाडावयाच्या, मग शत्रूवर झेप घ्यावयाची, मग हातघाई. नेम लागला कीं नाहीं, लागला तर जखम झाली कीं नाहीं, झाली तर चिलखतानें ती अडविली कीं नाहीं, हें प्रत्येक वेळीं फासे ठरवितात. फेऱ्या पांच. आणि मुख्य गोष्ट अशी कीं, जय किती मारले यावर नसतो. फळीवर ठेवलेल्या चकत्या कोणाच्या ताब्यांत आहेत त्यावर असतो. आम्हीं २०२३ सालच्या दहाव्या आवृत्तीचे नियम घेतले, गुणांचा हिशेब मात्र माझ्या सोयीसाठीं सोपा केला. चकत्या पांच, दुसऱ्या फेरीपासून दर फेरीच्या अखेरीस ज्याच्या ताब्यांत जितक्या, तितके त्याचे गुण.

बुद्धिबळाच्या अभिमान्यांनीं ह्या खेळाकडे परका म्हणून पाहूं नये. आपलेंच चतुरंग पश्चिमेस जाऊन तेथलें ‘चेस’ झालें. त्या पटावरून १७८० सालीं ब्रन्सविकच्या हेल्विग नांवाच्या विद्वानानें सोळाशेंहून अधिक घरांचा युद्धपट रचला. पुढें प्रशियांत राइसविट्झ पितापुत्रांनीं घरें अजिबात काढून टाकलीं. पित्यानें १८१२ मध्यें जमिनीच्या उंचसखल तुकड्यांचें मेज राजाला दाखविलें, पुत्रानें १८२४ मध्यें नकाशे, फासे व पंच यांनिशीं त्याचे नियम छापले, आणि प्रशियाच्या लष्करांतील अधिकारी तो शिक्षणासाठीं खेळूं लागले. दिवाणखान्यांत त्याला आणण्याचें बरेंचसें श्रेय एच्. जी. वेल्स यांचें. त्यांनीं १९१३ सालीं ‘लिट्ल वॉर्स’ हें लहानसें पुस्तक लिहिलें. पायदळानें एक फूट चालावें, घोडदळानें दोन फूट, आणि स्प्रिंगच्या खेळण्यांतल्या तोफांनीं लांकडाच्या खुंट्या उडवून समोरचे शिपाई खरोखरच पाडावेत, असा त्यांचा खेळ होता.

आतां माझें सैन्य. नातवानें स्वतःकडे ‘स्पेस मरीन’ ठेवले. हे जाड चिलखताचे, उत्तम नेमाचे, पण संख्येनें थोडे. त्याच्या बाजूस यंत्रें धरून अठ्ठावीस मूर्ति होत्या. मला त्यानें दिले ‘ऑर्क’. लहानमोठे मिळून त्र्याहत्तर. दोन्ही सैन्यांची किंमत नियमांतील कोष्टकाप्रमाणें सारखीच, म्हणजे हजार हजार गुण. ऑर्काचा नेम इतका वाईट कीं सहांतून दोनदांच लागतो, चिलखत जेमतेम. पण हातघाईस पोंचला कीं एकेकजण तीन तीन घाव घालतो. शिवाय सबंध डावांत एकदांच, एका फेरीच्या आरंभीं, ऑर्कांच्या सेनापतीला ‘वाऽऽघ!’ अशी आरोळी ठोकतां येते. त्या फेरींत ते पळत सुटूनही झेप घेऊं शकतात. एरवीं जो पळाला त्याला झेप घेतां येत नाहीं. घावांची संख्या व जोर एकेकानें वाढतो, आणि पांच अथवा सहा पडल्यास कोणत्याही शस्त्राचा वार चुकतो. सारा खेळ ती आरोळी केव्हां ठोकावी ह्यावर आहे.

पहिल्या रविवारीं मी ती ठोकलीच नाहीं असें म्हटलें तरी चालेल. पडक्या भिंतींच्या मागें मी ऑर्कांना नीट दडवून ठेवलें आणि समोरचा चुकण्याची वाट पाहत बसलों. नातू चुकला नाहीं. त्याच्या बंदुकांचा पल्ला चोवीस इंच. तो लांबून एकेक टिपीत गेला. तिसऱ्या फेरींत मला आरोळीची आठवण झाली तेव्हां ओरडावयास फारसे कोणी उरलें नव्हतें. डाव आवरतांना तो म्हणाला, “आजोबा, तुम्ही सगळ्यांना राजासारखें सांभाळतां. पण ह्यांच्यांत कोणीच राजा नाहीं.”

ते शब्द मला आठवडाभर पुरले. मी गणिताचा शिक्षक होतों. पराभवाचें उत्तर कागदावर शोधण्याची खोड जात नाहीं. झेप घेतांना दोन फासे टाकावयाचे आणि बेरजेइतके इंच जावयाचें. शत्रूच्या एक इंचाच्या आंत पोंचलें तर झेप साधली, नाहीं तर आहे तेथेंच उभें राहावयाचें. सात इंच हवे असतील तर छत्तिसांतून एकवीस वेळां साधेल. आठ हवे असतील तर पंधरा वेळां. नऊ हवे असतील तर अवघ्या दहा वेळां. सातांवरून नवांवर गेलें कीं संभव निम्म्याहून खालीं येतो. म्हणजे दोन इंचांसाठीं शौर्याचें मोल अर्ध्यावर! भित्र्या सेनापतीला हें कोष्टक भिववितें. पण मला त्यानें दुसरेंच सांगितलें. हल्ल्याचें खरें काम झेपेच्या आधींच्या चालींत असतें. फासे हातांत घेण्यापूर्वीं अंतर कमी करून ठेवावयाचें असतें.

दुसऱ्या रविवारीं पहिली पाळी माझी. सैन्यांमध्यें अठरा इंचांचें अंतर होतें. पहिल्याच फेरींत आरोळी ठोकण्याचा मोह मला झाला, कारण मागील खेपेच्या भित्रेपणाची लाज मनांत होती. सहा इंच चाल, धांवण्याचा फासा चार पडला असें धरलें तरी मध्यें आठ इंच राहणार, आणि झेपेला सात लागणार. एक तुकडी पोंचण्याचा संभव निम्म्याहून थोडा अधिक, दोन्ही तुकड्या पोंचण्याचा तिनांत एक. मी ओठ मिटले आणि दोन्ही मोठ्या तुकड्या सहा सहा इंच पुढें नेऊन भिंतींच्या आडोशास लावल्या. नातवानें माझ्याकडे पाहिलें, पण बोलला नाहीं. त्याच्या पाळींत त्यानें नऊ ऑर्क टिपले आणि आपली एक तुकडी पांच इंच मागें घेतली.

दुसऱ्या फेरीच्या आरंभीं मी आरोळी ठोकली. खरोखरच ठोकली, आंतल्या खोलींतून मुलीनें “काय झालें?” म्हणून विचारलें.

डावीकडे शत्रु बारा इंचांवर होता. सहा इंच चाल, धांवण्याचे चार. राहिलेले दोन इंच कोणत्याही फाशांनीं ओलांडतां येतात. सतरांपैकीं बाराजणांचे हात शत्रूपर्यंत पोंचले. प्रत्येकाचे चार घाव, म्हणजे अठ्ठेचाळीस फासे. माझ्या दोन्ही ओंजळींत ते मावेनात. हिशेबानें बत्तीस लागावयाचे, त्यांतल्या एकविसांनीं जखम व्हावयाची, आणि दहा-अकरा चिलखत भेदून जावयाच्या. प्रत्यक्षांत अकरा गेल्या. समोर पांच मरीन, प्रत्येकीं दोन जखमांचे. पांचही उठले.

उजवीकडे मात्र नातवाच्या त्या पांच इंचांनीं घात केला. तेथें अंतर सतरा इंच झालेलें. सहा चाललों, धांवण्याचा फासा पडला एक. नऊ हवे होते; पडले पांच आणि तीन, आठ! आज्ञेचा एक गुण खर्चून पुन्हां टाकतां येतें, म्हणून टाकले; सहा पडले. ती तुकडी उघड्यावर, एका बाजूस भिंत नाहीं, दुसऱ्या बाजूस आडोसा नाहीं, अशी बंदुकांसमोर उभी राहिली. नातवाच्या पाळींत तिच्यांतले चौदा गेले. तो एकेक मूर्ति दोन बोटांत धरून फळीबाहेर ओळीनें मांडीत होता.

खरा कस लागला तो तिसऱ्या फेरींत. आरोळीचा जोर ओसरला होता. डावीकडचे ऑर्क शत्रूला कापून तीन इंच पुढें सरकून मधल्या चकतीवर उभे होते, आणि नातवानें आपला मोठा यंत्रपुरुष त्यांच्या पुढ्यांत, अवघ्या सात इंचांवर आणून ठेवला. विजयानें डोकें तापलेलें असलें म्हणजे पुढचें पाऊल आपोआप पडतें. मी पट्टी उचललीही होती. मग शिक्षकी खोड आडवी आली. बाराजणांचे छत्तीस फासे, चोवीस लागतील, त्या जाड धातूवर जखम फक्त सहावर, म्हणजे चार, दोन-तीन चिलखत अडवील, आणि त्याला पाडावयास आठ हव्यात. मी पट्टी खालीं ठेवली व चकतीवर थांबलों. “हें तुम्हांला कोणीं सांगितलें?” नातवानें विचारलें. तो यंत्रपुरुष आमिष होता, हें तेव्हां मला कळलें.

हल्लेखोर सैन्य घेऊन खेळणाऱ्यानें कोठें थांबावें, हें त्याला कोणी सांगत नाहीं; पुढें जा म्हणून सर्वच सांगतात. पहिल्या डावांत मी फार थांबलों होतों. ह्या डावांत थांबण्याची एकच जागा होती आणि ती थोडक्यांत सांपडली.

पुढल्या दोन फेऱ्यांचें वर्णन करीत नाहीं. दोन्ही बाजूंचे पडत गेले, एवढेंच. पांचव्या फेरीच्या आरंभीं गुण आठ व सहा असे होते, पण फळी नातवाची होत चालली होती. मधल्या चकतीवर माझे नऊ ऑर्क. मूळ वीस असलेली तुकडी निम्म्याहून खालीं आली म्हणजे तिच्या धैर्याची परीक्षा असते: दोन फाशांत सात अथवा अधिक. नापास झाली तर ती चकतीवर उभी असूनही तिची गणना शून्य. मी हें विसरलों होतों. नातवानें आठवण केली. फासे टाकले. चार आणि तीन. अखेरच्या हातघाईनंतर सहा ऑर्क उरले. प्रत्येकाचे दोन धरून बारा, आणि त्याच चकतीवरच्या पांच मरिनांचे दहा. चकती माझी राहिली. दहा विरुद्ध नऊ. एक ठिपका कमी पडता तर हेच आंकडे उलट झाले असते. आणि माझ्या दहांपैकीं चार गुण कोणीं मिळविले म्हणाल, तर सबंध डावभर मागल्या चकतीवर बसून राहिलेल्या अकरा भित्र्या ग्रेचिनांनीं. त्यांनीं एकही शत्रु मारला नाहीं. मला त्यांच्याविषयीं विशेष आपलेपणा वाटला.

तेवढ्यांत मुलगी चहा घेऊन आली. ती रुग्णालयांत काम करते. अपघातांतील माणसें रोज पाहते. मुलाचा हा खेळ तिला पहिल्यापासून पसंत नाहीं. फळीच्या कडेला मांडलेली हिरवी रांग तिनें पाहिली.

“जिंकलें कोण?”

“आजोबा,” नातू म्हणाला.

“आणि हे सगळे कोणाचे?”

“आजोबांचेच. चोपन्न.”

ती कांहीं बोलली नाहीं. मीच समर्थनार्थ वेल्ससाहेबांना पुढें केलें. हा खेळ तीन-चार वेळां खेळून पाहणाऱ्याला खरें युद्ध किती आंधळेपणाचें असतें हें उमजेल, असा त्यांचा मुद्दा आहे. तिनें विचारलें, “पुस्तक कोणत्या सालचें?” १९१३, मीं सांगितलें. “म्हणजे पुढच्याच वर्षीं महायुद्ध,” ती म्हणाली. त्यावर मजजवळ उत्तर नव्हतें. १९१४ मध्यें त्याच वेल्सांनीं, हें युद्ध युद्धांचा अंत करील, अशा आशयाचें पुस्तक लिहिलें, हें मीं सांगितलें नाहीं.

तिनें रांगेतला एक ऑर्क उचलला. त्याचा कुऱ्हाडीचा हात निखळला होता. “हा कोण?” नातवानें पाहिलें, आणि न अडखळतां सांगितलें कीं हा तो पहिला, ज्याचा चेहरा रंगवावयास त्याला दोन रात्री लागल्या होत्या, ज्याच्या डाव्या डोळ्यावर पांढरा ठिपका चुकून पडला आहे तो. मग त्यानें आणखी तीन-चार दाखविले. ती ऐकत उभी राहिली. चहा निवला.

पुढील रविवारीं सैन्यें बदलावयाचीं ठरलीं. मुलीनें खेळास मोडता घातला नाहीं, अट मात्र एक घातली: पडलेले शिपाई पेटींत भरण्याचें काम जिंकणाऱ्यानें करावयाचें. नातवाच्या पेटींत प्रत्येक मूर्तीला स्पंजांत कापलेली वेगळी खांच आहे, आणि कोणती कोणाची हें त्यालाच ठाऊक. त्या संध्याकाळीं चोपन्न मूर्ति जागच्या जागीं ठेवावयास मला पाऊण तास लागला. निखळलेल्या हाताला गोंद लावून तो ऑर्क खिडकीशीं वाळत ठेवला तो वेगळाच.