ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक

ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्च या आर्थिक वर्षात ग्रामपंचायतीकडे जमा होणाऱ्या व तिच्याकडून खर्च होणाऱ्या रकमांचा आगाऊ अंदाज होय. महाराष्ट्रातील सुमारे २८,००० ग्रामपंचायती महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार (मूळ नाव मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८) तो दरवर्षी तयार करतात. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगाव हे त्यांपैकीच एक गाव होय. मुंबई महानगरपालिकेचे २०२५-२६चे अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचे होते. गावाचे आकडे त्यापुढे नगण्य वाटतात. परंतु पाणी, दिवे, गटारे आणि रस्ते हे खर्चाचे विषय दोन्हीकडे सारखेच आहेत.

ग्रामनिधी

ग्रामपंचायतीचे सर्व उत्पन्न ‘ग्रामनिधी’त जमा होते. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्या संयुक्त सहीने त्यातून रक्कम काढली जाते.

स्वतःच्या उत्पन्नात घरपट्टी प्रमुख आहे. तिच्याबरोबर दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी, बाजार फी आणि गाळ्यांचे भाडे येते. घरपट्टीची आकारणी पूर्वी बांधकामाच्या क्षेत्रफळावर होत असे. डिसेंबर २०१५मधील नियमदुरुस्तीनंतर ती भांडवली मूल्यावर होऊ लागली. जमिनीचे व बांधकामाचे दर, इमारतीचे वय आणि तिचा वापर निवासी आहे की व्यापारी, यांवरून हे मूल्य ठरते. त्यामुळे रस्त्यालगतच्या पक्क्या दुकानाला मातीच्या जुन्या घरापेक्षा अधिक कर लागतो. आकारणीची नोंद ‘नमुना ८’मध्ये, मागणीची ‘नमुना ९’मध्ये होते आणि भरलेल्या कराची पावती ‘नमुना १०’मध्ये मिळते. नमुना ८चा उतारा अनेक जण मालकीचा पुरावा समजतात. वस्तुतः तो केवळ कर आकारणीचा दाखला आहे.

शासनाकडून जमीन महसूल अनुदान आणि मुद्रांक शुल्क अनुदान मिळते. मुद्रांक शुल्काचा वाटा जमिनीच्या खरेदी-विक्रीवर अवलंबून असल्याने तो दरवर्षी सारखा नसतो.

वित्त आयोगाचा निधी

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (२४ एप्रिल १९९३पासून लागू) पंचायतींना घटनात्मक दर्जा मिळाला आणि केंद्रीय वित्त आयोगाच्या अनुदानाचा मार्ग मोकळा झाला. चौदाव्या आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतींना मिळत असे. पंधराव्या आयोगाच्या निधीत पंचायत समिती व जिल्हा परिषद यांनाही वाटा मिळाला. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचा हिस्सा ८० टक्के ठेवण्यात आला.

या आयोगाच्या २०२१ ते २०२६ या कालावधीतील अनुदानाचे दोन भाग होते. प्रत्येक १०० रुपयांपैकी ६० रुपये ‘बंधित’ म्हणजे ठरवून दिलेल्या कामांसाठीच असत: ३० स्वच्छतेसाठी आणि ३० पिण्याचे पाणी, पर्जन्यजल संधारण व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. उरलेले ४० रुपये ‘अबंधित’ असले, तरी त्यांतून वेतन वा आस्थापनेचा खर्च करता येत नसे. लोकनियुक्त मंडळ अस्तित्वात असणे ही निधी मिळण्याची एक अट होती. निवडणुका रखडल्या की तिचा फटका बसे.

खर्च आणि त्याच्या मर्यादा

स्वउत्पन्नाचाही सारा पैसा मोकळा नसतो. त्यातील १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. म्हणजे वसूल झालेल्या १०० रुपयांतून ७०च उरतात. त्यांतून कर्मचाऱ्यांचे वेतन (किमान वेतनाचा काही भाग राज्य शासन देते), नळयोजनेची दुरुस्ती, कार्यालयीन खर्च आणि वीजबिले भागवायची असतात.

वीजबिल हाच यातील सर्वांत वादग्रस्त विषय ठरला आहे. २०२१मध्ये राज्य शासनाने पथदिव्यांची बिले अबंधित, तर पाणीपुरवठ्याची बिले बंधित निधीतून भरण्यास सांगितले. विकासकामांचा पैसा बिलांत जाईल, म्हणून अनेक सरपंचांनी त्यास विरोध केला. आक्षेप निराधार नव्हता. मात्र थकबाकीमुळे नळयोजनेची वीज तोडली गेल्यास नव्या रस्त्यापेक्षा पाण्याचीच उणीव गावाला अधिक जाणवते, हेही खरे. पाणीपट्टीची वसुली पुरेशी नसेल तर हा पेच दरवर्षी उभा राहतो. कर थकविणाऱ्यावर जप्तीची तरतूद कायद्यात आहे. पण ज्या शेजाऱ्यांच्या मतांवर निवडून यायचे त्यांच्याच वस्तू जप्त करणे सदस्यांना जड जाते.

मंजुरी व तपासणी

अंदाजपत्रक ‘नमुना १’मध्ये मांडले जाते. ते पंचायत समितीकडे पाठविले जाते. कामरगावच्या बाबतीत ती कारंजा येथे आहे. एका शीर्षाखालील रक्कम दुसरीकडे वळवायची असल्यास ‘नमुना २’मध्ये पुनर्विनियोजन करावे लागते. ‘आमचा गाव, आमचा विकास’ उपक्रमाखालील वार्षिक आराखडा ग्रामसभेपुढे येतो. ग्रामसभेच्या वर्षातून किमान चार बैठका आवश्यक असून २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर हे त्यांचे रूढ दिवस आहेत. जमा-खर्चाविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकार गावातील प्रत्येक मतदाराला आहे. लेखापरीक्षण स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग करतो. आराखडा व त्यावरील खर्च ‘ई-ग्रामस्वराज’ संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो.

नगरपंचायतीचा पर्याय

गाव वाढले की गटार, कचरा व दिवे यांची मागणी शहरासारखी होते, उत्पन्नाची साधने मात्र ग्रामपंचायतीचीच राहतात. १०,००० ते २५,००० लोकसंख्या आणि किमान २५ टक्के बिगरशेती रोजगार असलेल्या संक्रमणक्षेत्रात नगरपंचायत स्थापन करता येते. वाशीम जिल्ह्यात मालेगाव व मानोरा या तालुक्याच्या गावी नगरपंचायती आहेत. नगरपंचायत झाल्यावर नगरविकास विभागाच्या योजना खुल्या होतात. त्याच वेळी ग्रामीण भागासाठीचे वित्त आयोगाचे अनुदान थांबते आणि मालमत्ता कराची आकारणी नव्याने होते.