एडिटिंगचं काम कुठे ठेवायचं : लॅपटॉपच्या आत की बाहेरच्या डिस्कवर?

आमचा एक माजी विद्यार्थी लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. लॅपटॉप भरला म्हणून त्याने एका निकाहचं सगळं शूटिंग बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकलं आणि मेमरी कार्डं पुसून पुढच्या कामाला घेतली. एडिटिंग सुरू असताना कुणाचा तरी पाय वायरला लागला आणि डिस्क फरशीवर पडली. ती पुन्हा उघडलीच नाही. त्याने पैसे परत केले, पण त्या शूटिंगमध्ये नवरीच्या दादीजान होत्या. महिन्याभरात त्यांचा इंतेकाल झाला. ते पैशाने कसं भरून येणार?

तेव्हापासून मुलं आणि पालक आम्हाला विचारतात, "सर, इंटर्नल घ्यावं की एक्स्टर्नल?" आमच्या मते कामासाठी आतली, साठवणीसाठी बाहेरची, आणि एकाच ठिकाणी कधीच नाही.

आधी डिस्कचा प्रकार समजून घेऊ. हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरत असतात, म्हणून चालू असताना धक्का लागला की ती बिघडू शकते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. ती धक्का जास्त सोसते आणि वेगवानही असते, पण तेवढ्याच जागेला महाग पडते.

आता वेग. बाहेरची साधी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण 100 ते 130 एमबी देते. साटा एसएसडी 500 च्या आसपास, तर लॅपटॉपच्या आत बसणारी एनव्हीएमई एसएसडी 2000-3000 किंवा त्याहूनही जास्त. बाहेरच्या डिस्कचा वेग पोर्टवरही ठरतो. चांगली एसएसडी जुन्या यूएसबी 2.0 ला लावली तर सेकंदाला 35-40 एमबीच मिळतात.

हिशेब करून बघा. 100 एमबीपीएसने केलेलं 4के शूटिंग मिनिटाला 750 एमबी, म्हणजे तासाला 45 जीबी होतं. दोन-तीन कॅमेरे एकत्र लावून एडिट करताना हार्ड डिस्क अडखळते. म्हणून चालू प्रोजेक्ट आतल्या एसएसडीवर ठेवावा. तिची साधारण पाचवा भाग जागा मोकळी राहू द्यावी, पूर्ण भरली की ती मंदावते. याउलट इनपेजमधल्या उर्दू पत्रिका किंवा साधी पोस्टर्स यांच्या फाइली छोट्या असतात. त्यासाठी महागडी डिस्क घ्यायची गरज नाही.

आतली डिस्क वाढवायची असेल तर लॅपटॉपमध्ये एम.2 ची जागा आहे का, हे दुकानदाराला आधी विचारा. काही पातळ लॅपटॉपमध्ये स्टोरेज बोर्डवरच पक्कं बसवलेलं असतं, ते बदलता येत नाही. अशा वेळी यूएसबी 3 वरची बाहेरची एसएसडी हाच मार्ग. त्यावरही एडिटिंग बऱ्यापैकी चालतं.

बाहेरची डिस्क घेतलीत तर तीन गोष्टी पाळा. एफएटी32 फॉरमॅटवर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. विंडोज आणि मॅक दोन्हीवर वापरायची असेल तर एक्सएफएटी ठेवा. वायर काढण्याआधी 'इजेक्ट' करा. आणि डिस्क टेबलाच्या कडेला ठेवू नका.

पुष्कळांचा एक गैरसमज असतो. बाहेरच्या डिस्कवर आहे म्हणजे बॅकअप झालं, असं त्यांना वाटतं. फाइल हलवली तर प्रत एकच राहते, फक्त तिची जागा बदलते. बॅकअप म्हणजे दुसरी प्रत. जाणकार 3-2-1 चा नियम सांगतात : 3 प्रती, 2 वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली 1 घराबाहेर. घराबाहेरची प्रत क्लाउडवर किंवा मामूंच्या घरी ठेवलेल्या डिस्कवर असली तरी चालेल.

आमचा विद्यार्थी आता आतल्या एसएसडीवर एडिट करतो. रोज रात्री स्वस्त हार्ड डिस्कवर प्रत काढतो, तिसरी प्रत भावाच्या घरी ठेवतो, आणि तिन्ही प्रती उघडून बघितल्याशिवाय मेमरी कार्ड पुसत नाही. तुमच्या घरातलं लेकरू हे काम शिकत असेल, तर कॅमेऱ्याबरोबर एका जादा डिस्कचेही पैसे बाजूला ठेवा.