भारत सरकारची शिष्यवृत्ती : देणे कोणाचे?

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणाचा प्रश्न सरकारपुढे लावून धरला. १९४४ पासून चालू असलेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही त्या काळाची देणगी होय. पुढे १९९० च्या कायदादुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला व केंद्राच्या सवलतींची दारे आपल्या मुलांना उघडली.

आपल्याकडे मुले तिला 'भारत सरकारची शिष्यवृत्ती' म्हणतात. योजना केंद्राची, नियम केंद्राचे. अर्ज तपासतो राज्याचा समाजकल्याण विभाग. मग पैसे कोणी द्यावयाचे? प्रश्न हिशेबाचा दिसतो, पण त्यावर एखाद्या मुलाचे अख्खे वर्ष अवलंबून असते.

पूर्वीची पद्धत 'बांधील दायित्वा'ची होती. पंचवार्षिक योजनेच्या शेवटच्या वर्षी राज्यात जेवढा खर्च झाला असेल, तेवढा पुढे दरवर्षी राज्याने सोसावयाचा. त्यावरचा तेवढा केंद्राने द्यावयाचा. समजा, शेवटच्या वर्षी एका राज्यात १०० कोटी वाटले गेले व पुढच्या वर्षी ११० कोटी लागले, तर केंद्राचे फक्त १० कोटी. म्हणजे ज्या राज्याने जास्त मुलांना शिकविले, त्याच्याच डोक्यावर जास्त बोजा! २०१७ मध्ये बारावी योजना संपली आणि हा बोजा एकदम वाढला. २०१७-१८ ते २०१९-२० या काळात साऱ्या देशासाठी केंद्राची मदत वर्षाला सुमारे ११०० कोटींवर आली.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही पद्धत बदलली. आता केंद्राचा वाटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के ठरला. ईशान्येकडील राज्यांसाठी ९० व १०. पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटींचा खर्च मंजूर झाला, त्यात केंद्राचे ३५,५३४ कोटी. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होऊ लागला.

ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु एक गाठ राहिली आहे. राज्याने आपला ४० टक्के वाटा दिल्याची खात्री झाल्यावरच केंद्राचे ६० टक्के सुटतात. राज्याचा विलंब झाला की दोन्ही वाटे अडकतात. दोन सरकारांच्या व्यवहारात चूक कोणाचीही असो, दंड विद्यार्थी भरतो. फीसाठी त्याचा बाप सावकाराकडे जातो, किंवा मुलगी घरी बसते.

आमचे मत असे : जो नियम करतो आणि ज्याच्या हाती कराची मोठी साधने आहेत, त्याने मोठा वाटा उचलावा. राज्यानेही आपला वाटा द्यावा, कारण ही मुले राज्याचीच आहेत. राज्यघटनेच्या ४६ व्या कलमाने दुर्बल घटकांच्या शिक्षणाची जबाबदारी 'राज्यसंस्थे'वर टाकली आहे. तीत केंद्र व राज्य दोघेही येतात. मात्र एकाची थकबाकी हे दुसऱ्याने हात आखडण्याचे कारण होऊ नये. केंद्राने आपले ६० टक्के ठरल्या तारखेस द्यावेत आणि राज्याचा हिशेब राज्याशी करावा.

विद्यार्थ्यांनी अर्ज मुदतीत भरावा, खाते आधारशी जोडून घ्यावे, पावती जपून ठेवावी. पैसे न आल्यास लेखी विचारावे. शिष्यवृत्ती ही कोणाची मेहेरबानी नाही, ते आपले येणे आहे. आणि येणे मागण्यात संकोच कसला?

जय भीम!