एमएस-डॉस
एमएस-डॉस (मायक्रोसॉफ्ट डिस्क ऑपरेटिंग सिस्टिम) ही वैयक्तिक संगणकांसाठी तयार करण्यात आलेली एक संचालन प्रणाली आहे. तिच्यात माउस व चित्रांऐवजी कळफलकावरून आज्ञा टंकलिखित करून संगणकाकडून काम करून घेतले जाते. १९८० च्या दशकात आणि १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ती जगभर मोठ्या प्रमाणावर वापरात होती.

इतिहास
टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या कंपनीत ८६-डॉस ही प्रणाली लिहिली. मायक्रोसॉफ्टने १९८१ मध्ये तिचे हक्क विकत घेतले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाबरोबर ती पीसी-डॉस या नावाने उपलब्ध झाली. १९८३ मधील २.० या आवृत्तीत हार्ड डिस्क आणि उपसंचयिका यांची सोय आली. स्वतंत्रपणे विकली गेलेली ६.२२ ही शेवटची आवृत्ती १९९४ मधील आहे.

आज्ञा
संगणक सुरू झाल्यावर पडद्यावर 'सी:\>' असे चिन्ह दिसते. त्यातील 'सी' हे अक्षर चालू डिस्क दर्शवते. या चिन्हापुढे आज्ञा लिहून एंटर कळ दाबावी लागते. आज्ञा दोन प्रकारच्या असतात. डीआयआर (फाइलींची यादी), सीडी (संचयिका बदलणे), कॉपी, टाइप व डीईएल (फाइल पुसणे) या अंतर्गत आज्ञा 'कमांड.कॉम' या फाइलीतच असतात. फॉरमॅट, एक्सकॉपी, चेकडिस्क यांसारख्या बाह्य आज्ञा म्हणजे डिस्कवरील स्वतंत्र प्रोग्राम होत. त्यांची फाइल डिस्कवर नसेल, तर त्या चालत नाहीत.

प्रोग्राम चालवणे
प्रोग्राम सुरू करण्यासाठी त्याच्या फाइलीचे नाव लिहितात. उदाहरणार्थ, वर्डस्टार हा शब्दसंस्कारक 'डब्ल्यूएस' असे लिहून सुरू होत असे. प्रणाली प्रथम ती अंतर्गत आज्ञा आहे का, हे पाहते. तसे नसल्यास चालू संचयिकेत त्या नावाची 'कॉम', 'ईएक्सई' व 'बॅट' प्रकारची फाइल याच क्रमाने शोधते. तेथेही न सापडल्यास 'पाथ' या आज्ञेने नोंदवलेल्या संचयिका धुंडाळल्या जातात. कोठेच काही न मिळाल्यास आज्ञा किंवा फाइलीचे नाव चुकीचे असल्याचा संदेश येतो. त्यामुळे असा संदेश आला म्हणजे प्रोग्राम नष्टच झाला, असे नव्हे. अनेकदा वापरकर्ता चुकीच्या संचयिकेत असतो.

'बॅट' फाइलीत अनेक आज्ञा ओळीने लिहून ठेवता येतात. 'ऑटोएक्झेक.बॅट' ही अशीच फाइल संगणक सुरू होताना आपोआप चालते.

फाइल पुसणे
डॉसमध्ये विंडोजप्रमाणे कचरापेटी नाही. संचयिकेतील सर्व फाइली पुसताना प्रणाली खात्री करून घेते. मात्र एकच फाइल किंवा एका प्रकारच्या फाइली पुसताना काहीही विचारत नाही. कॉपी आज्ञाही ६.२ आवृत्तीपूर्वी त्याच नावाच्या जुन्या फाइलीवर न विचारता नवी फाइल लिहीत असे.

फाइल पुसली, तरी तिचा मजकूर लगेच नाहीसा होत नाही. संचयिकेच्या नोंदीतील नावाचे पहिले अक्षर बदलले जाते आणि तिने व्यापलेली जागा मोकळी म्हणून नोंदवली जाते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर परत मिळण्याची शक्यता असते. यासाठी ५.० आवृत्तीत 'अनडिलीट' ही आज्ञा देण्यात आली. म्हणून चुकून फाइल पुसली गेल्यास त्या डिस्कवर काहीही नवीन न साठवणे महत्त्वाचे ठरते.

मर्यादा
फाइलीचे नाव आठ व त्याचा विस्तार तीन अक्षरांपर्यंतच ठेवता येतो. ८०८८ या प्रक्रियकाला १ मेगाबाइट स्मृती हाताळता येत असे. त्यांपैकी ६४० किलोबाइट प्रणाली व प्रोग्रामांसाठी, तर उरलेली पडदा व इतर यंत्रणेसाठी राखीव होती. एका वेळी सामान्यतः एकच प्रोग्राम चालतो. एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या स्मृतीपासून दूर ठेवणारी व्यवस्था नसल्याने सदोष प्रोग्राममुळे संपूर्ण संगणक बंद पडू शकतो.

भारतीय लिप्या
मूळ प्रणालीत देवनागरीची सोय नव्हती. पुण्यातील सी-डॅक या संस्थेच्या जिस्ट कार्डामुळे डॉसवरील प्रोग्रामांमध्ये मराठीसह इतर भारतीय भाषांतील मजकूर लिहिणे शक्य झाले. युनिकोडपूर्व काळातील असा मजकूर आज वाचण्यासाठी रूपांतर करावे लागते.

सद्यस्थिती
विंडोजच्या ६४-बिट आवृत्त्या डॉसचे प्रोग्राम थेट चालवत नाहीत. त्यासाठी डॉसबॉक्स हे अनुकरण करणारे सॉफ्टवेअर किंवा १९९४ मध्ये जिम हॉल यांनी सुरू केलेली फ्रीडॉस ही मुक्त प्रणाली वापरली जाते. डॉसबॉक्समध्ये 'माउंट' या आज्ञेने संगणकावरील एखादी संचयिका डिस्क म्हणून जोडावी लागते. त्यापुढील आज्ञा बहुतांशी पूर्वीसारख्याच आहेत. मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉसच्या १.२५ व २.० या आवृत्त्यांचा मूळ स्रोत २०१८ मध्ये, तर ४.०० चा २०२४ मध्ये मुक्त परवान्याखाली उपलब्ध करून दिला.