बळ नव्हे, वळण

२०२५ च्या ऑक्टोबरात स्टॉकहोमहून वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाची घोषणा झाली आणि मेरी ब्रंकॉ, फ्रेड रॅम्सडेल व शिमोन साकागुची ही नावे सर्वतोमुखी झाली. परंतु मुलांची प्रतिकारशक्ती वाढवून देण्याची हमी घेणाऱ्या ज्या चूर्णांच्या, अवलेहांच्या आणि दुधात कालवावयाच्या भुकट्यांच्या जाहिराती ऋतू पालटताच वर्तमानपत्रांची पाने अडवून बसतात, त्यांचा आणि या संशोधनाचा उभा दावा आहे, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

साकागुचींची हकीकत थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. प्रतिकारक टी-पेशी जिच्यात घडतात ती थायमस ग्रंथी उंदराच्या पिलाच्या जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढून टाकली, तर ते पिलू दुबळे होऊन परक्या जंतूंच्या स्वाधीन होईल, अशी कोणाचीही अपेक्षा असावी. घडले ते नेमके उलटे, कारण त्याची प्रतिकारसंस्था बेफाम होऊन त्याच्याच अवयवांवर तुटून पडली. अशा पिलांना निरोगी उंदरांच्या परिपक्व टी-पेशी टोचताच हा उत्पात टळला, त्याअर्थी त्या पेशींच्या गर्दीत इतरांस आवर घालणाऱ्या काही पेशी असल्याच पाहिजेत, असे अनुमान साकागुचींनी बांधले. आणि अशा पेशींची कल्पनाच समव्यवसायी पंडितांनी जवळजवळ मोडीत काढलेली असताना, दहा वर्षांहून अधिक काळ चिकाटी न सोडता, १९९५ साली त्यांनी त्या ओळख पटवून जगापुढे हजर केल्या. ज्या जनुकातील बिघाडामुळे उंदरांत आणि मनुष्याच्या मुलग्यांत असाच आत्मघातकी रोग जडतो, ते जनुक ब्रंकॉ व रॅम्सडेल यांनी २००१ साली हुडकले, आणि या पेशींचा कारभार त्याच्याच हुकमाने चालतो हे पुढील दोन वर्षांत सिद्ध झाले. शिबंदी वाढवीत न्यावी आणि तिच्यावर हुकमत ठेवणारा अंमलदार मात्र नेमू नये, तर ती शिबंदी आपलाच मुलूख लुटते, असा हा मामला आहे. दमा, इसब, अन्नाची वावडी हे विकार प्रतिकाराच्या तुटवड्याचे नसून त्याच्या भलत्याच उत्साहाचे आहेत.

मग प्रतिकारसंस्थेला आवरात राहण्याचे हे वळण लागते कसे? फिनलंडमध्ये लाहती व टांपेरे या शहरांतील पाळणाघरांच्या रखरखीत अंगणांत अरण्यातील माती, गवत आणि झुडपे आणून घातली, तीन ते पाच वर्षांची मुले त्यांत रोज खेळू दिली, आणि अवघ्या २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरील जिवाणूंची विविधता वाढून रक्तातही आवर घालणाऱ्या पेशींना अनुकूल असे बदल दिसले, असा निर्वाळा २०२० साली प्रसिद्ध झाला. मुले ७५ च्या आसपास होती, तेव्हा त्यावर मनोरे रचू नयेत. शिवाय अरण्यातील माती निराळी आणि उघड्या गटारालगतची, जंतांची अंडी पोटात बाळगणारी आपल्या वस्त्यांतील माती निराळी. मूल मातीत अवश्य खेळावे, पण पायांत चपला असाव्यात, जेवणापूर्वी हात साबणाने धुतले जावेत, आणि शाळा-अंगणवाडीत मिळणारी जंतांची गोळी चुकवू नये.

तथापि वळण लावण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय लसीकरण हाच आहे, आणि त्याचा विसर किती महाग पडतो हे २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडीने गोवराच्या साथीत पाहिले. गोवर म्हणजे अंगावर पुरळ आणि चार दिवसांचा ताप, अशी जी समजूत जुन्या पिढीत रूढ आहे, तिला २०१९ च्या एका अभ्यासाने जबर धक्का दिला: लस न घेतलेल्या मुलांत गोवराने पूर्वीच्या रोगांविरुद्ध जमविलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के पुसून टाकले होते, म्हणजे शरीराच्या दफ्तरातील जुने दाखलेच जळाले. नवव्या महिन्याची मात्रा बहुधा कोणी विसरत नाही. सोळा ते चोवीस महिन्यांची दुसरी मात्रा मात्र, मूल धावू लागले की, बिनदिक्कत लांबणीवर पडते.

बाकीच्या गोष्टी सर्वांस ठाऊक आहेत, आचरणात मात्र अल्प. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध. तीन-चार वर्षांच्या मुलास दिवसा-रात्री मिळून दहा ते तेरा तासांची झोप. पालेभाजी-उसळीतील लोह अंगी लागावे म्हणून तिच्यावर लिंबू, कारण २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांखालील शंभरांतील ६७ मुले रक्तक्षयी आढळली. आणि घरात विडी-सिगारेटचा धूर नको. बालवाडीत जाऊ लागलेल्या मुलास वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणे हा व्याधी नव्हे, शिरस्ताच आहे, आणि विषाणूजन्य सर्दीसाठी डॉक्टरांकडे 'जोरदार औषधा'चा तगादा लावणारे पालक प्रतिजैविकांनी आतड्यातील उपकारक जिवाणूंची नासाडी विकत घेतात.

घरातील वडीलधाऱ्यांकडे मात्र एक तक्रार नोंदविणे भाग आहे. बाळगुटीत आणि हल्ली पुष्य नक्षत्राचे मुहूर्त साधून पाजल्या जाणाऱ्या सुवर्णप्राशनात मध असतो. बॉट्युलिझम या पक्षाघाती विकाराचे बीजाणू मधात असू शकतात, आणि त्यांना रोखण्याची तयारी वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात नसते. म्हणून पहिला वाढदिवस होईपर्यंत मधाचे बोटही चाटवू नये, मग तो मध महाबळेश्वरचा असो वा माहेरहून आलेला.