हात पोटाला का शिवतात?

विश्रामबागेतून बोलतोय. जेवता जेवता ऐकत असाल तर आधी जेवून घ्या, कारण आजचा विषय जखमांचा आहे.

माझ्या मामेभावाचा डावा हात वैरण कापताना कडबा कुट्टीत गेला. बोटं वाचली, पण हाताच्या वरच्या बाजूची कातडी सोलून निघाली. आत पांढरे दोर दिसत होते. बोटं सरळ करणारे हे दोर, म्हणजे टेंडन. घरच्यांनी मूठभर हळद दाबली. सांगलीची माणसं आम्ही, दुसरं काय करणार! पण ऑपरेशनच्या टेबलावर आधी ती हळदच धुवावी लागली. तुम्ही असं करू नका. स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि दवाखाना गाठा.

मला वाटलं, मांडीची कातडी काढून चिकटवतील. डॉक्टर म्हणाले, इथं ती जगणार नाही. का, ते समजून घेऊ. मांडीवरनं काढलेल्या पातळ कातडीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले काही दिवस ती खालच्या ओलाव्यावर तग धरते, मग खालून बारीक रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात. खाली मांस असेल तर हे जमतं. पण उघडं हाड किंवा उघडं टेंडन म्हणजे कातळ. कातळावर हरळी टाकली तर दोन दिवस हिरवी दिसेल, मग वाळणारच. त्यामुळं अशा जखमेवर स्वतःचं रक्त सोबत घेऊन येणारा तुकडा लागतो. त्याला फ्लॅप म्हणतात.

असा तुकडा पोटाकडं मिळतो, कारण तिथं कातडी सैल असते आणि जागा परत शिवून टाकता येते. भावाच्या जांघेजवळची कातडी चरबीसकट उचलली, पण एक टोक पोटालाच ठेवलं. दुसरं टोक हातावर शिवलं. मग जवळजवळ तीन आठवडे हात पोटाला जोडलेला! तुमच्याकडं बागकाम असेल तर हे दाब कलमच आहे. फांदी आईच्या झाडाला असतानाच मातीत मुळं धरते, मग मागून कापायची. हातातल्या रक्तवाहिन्या त्या तुकड्यात शिरल्या की पोटाकडचा देठ कापतात. बघायला आलेली आजी म्हणाली, "आरं, पोटाला हात शिवलाय का पोटात दुखतंय?" तो हसला, आणि टाके ओढले म्हणून लगेच ओरडला.

हात पोटापर्यंत पोचतो. पाय कसा पोचणार? मोटारसायकलवरनं पडून नडगीचं हाड उघडं पडलं, तर तुकडा पूर्ण सुटा करून नेतात. म्हणजे मुळांसकट रोप उपटायचं आणि ठिबकची नळी नव्या लाइनला जोडायची. इथली नळी असते साधारण दोन-तीन मिलिमीटरची, टाके घालायचे मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक दोऱ्यानं. या कामात मुंबईचं नाव लवकर लागलं. 1971 मध्ये डॉ. नोशिर अंतिया आणि डॉ. बुच यांनी पोटावरचा चरबीचा तुकडा रक्तवाहिन्या जोडून चेहऱ्यावर बसवल्याचं ब्रिटिश प्लास्टिक सर्जरीच्या नियतकालिकात छापून आलं. पुढं 1973 मध्ये मेलबर्नला टेलर आणि डॅनियल यांनी जांघेचा तुकडा असाच पायावर बसवला.

जखम खोल, खाचाखोचांची, पू झालेली असेल तर कधीकधी पोटाच्या आतलं ओमेंटम वापरतात. आतड्यांवर पदरासारखा पसरलेला हा चरबीचा पडदा. कुठल्याही खाचेत बसतो, भरपूर रक्त आणतो आणि जंतूंशी लढतो. त्याच्यावर मग मांडीची पातळ कातडी लावता येते. पण त्यासाठी पोटात शिरावं लागतं आणि पुढं हर्नियाची भीती राहते. म्हणून हा सहसा पहिला पर्याय नसतो.

वेळेचं काय? युगोस्लाव्हियातल्या गोडिना नावाच्या सर्जननं 532 रुग्णांचा अनुभव 1986 मध्ये मांडला. 72 तासांच्या आत झाकलेल्या जखमांमध्ये फ्लॅप फसण्याचं प्रमाण 1 टक्क्याहून कमी होतं, उशिरा झाकलेल्यांत जवळपास 12 टक्के. आता जखमेवर व्हॅक्यूमची पट्टी लावून थोडा वेळ मिळवता येतो, पण "आठवडाभर ड्रेसिंग करू, मग बघू" यावर गप्प बसू नका. इथं प्लास्टिक सर्जन आहेत का, महात्मा फुले योजना चालते का, हे पहिल्याच दिवशी विचारा.

आणि मावा. ऑपरेशननंतर नर्स सारखी येऊन तुकड्याचा रंग बघते, गरम आहे का बघते. निळा पडला किंवा पांढराफटक पडला तर काही तासांतच परत टेबलावर घ्यावं लागतं. निकोटिननं रक्तवाहिन्या आवळतात, म्हणजे एवढ्या कष्टानं जोडलेली नळी आपणच पिळायची. भावाचा मावा मामीनं तेव्हाच बंद केला. डॉक्टरांपेक्षा तिचा धाक मोठा.

आज त्याच्या बोटांची मूठ पूर्ण वळत नाही, पण मोटारसायकलचा क्लच दाबतो. एक गंमत मात्र राहिली. हातावरची ती चरबी अजून स्वतःला पोटाचीच समजते. लग्नानंतर गडी सुटला, तशी हातावरची गादीपण फुगली.