हिरो गावचा बांध

मंडळी, कापणी झाली की शेतात भाताच्या उडव्या उभ्या राहतात. वर्षाची सारी मेहनत तिथे उघड्यावर असते. अशा उडवीला कुणी आपल्या हाताने चूड लावली, तर त्याला आपण काय म्हणू? जपानात वाकायामा भागातील समुद्रकाठच्या हिरो गावी १८५४ साली एका माणसाने हेच केले, आणि गाव अजून त्याचे नाव घेते.

त्याचे नाव हामागुची गोऱ्यो. घरचा धंदा सोया-सॉसचा, म्हणजे सोयाबीन आंबवून काढलेल्या काळ्या रसाचा. वय जेमतेम पस्तिशीचे. २४ डिसेंबरला दिवस कलताना मोठा धरणीकंप झाला आणि मागोमाग समुद्र गावात शिरला. अंधार पडलेला, माणसे वाट चुकलेली. गोऱ्योने वाटेकडेच्या उडव्या पेटवल्या. त्या उजेडाच्या रोखाने लोक उंचावरच्या हाचिमान देवळाशी पोचले.

शिक्षक बंधुभगिनींनी इथे एक ध्यानात घ्यावे. लाफ्कादिओ हर्न या लेखकाने १८९७ साली ही हकिकत इंग्रजीत लिहिली. तीत टेकडीवर राहणारा एक म्हातारा लाट येण्याआधीच आग लावतो, आणि ती विझवायला धावलेले गाव वाचते. जपानी शाळांत १९३७ पासून दहा वर्षे हाच धडा होता. तो लिहिणाराही त्याच भागातला प्राथमिक शिक्षक. धडा सुरेखच आहे; पण खरा गोऱ्यो म्हातारा नव्हता, आणि आग लागली ती पाणी गावात शिरल्यावर.

मला विचाराल तर आगीपेक्षा पुढचे काम मोठे. घरे गेली, होड्या मोडल्या, लोक गाव सोडायच्या बेतात. गोऱ्योने पदरच्या पैशाने किनाऱ्यावर बांध घालायला काढला आणि गावकऱ्यांनाच रोजंदारीवर घेतले. हाताला काम मिळाले, तसे लोक टिकले. सुमारे चार वर्षांनी, १८५८ साली, बांध पुरा झाला. लांबी ६०० मीटर, उंची ५ मीटर. दर्याच्या अंगाला पाइनची झाडे.

गोऱ्यो १८८५ साली वारला. २१ डिसेंबर १९४६ ला पुन्हा धरणीकंप, पुन्हा लाट. बांधामागचे बहुतेक गाव वाचले. आडोशाबाहेरच्या सखल जागी मात्र माणसे दगावली.

आता त्या गावाला हिरोगावा म्हणतात. जुन्या जपानी पंचांगात ती १८५४ ची तिथी अकराव्या महिन्याची पाचवी. म्हणून २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन ठरवला. गावात त्सुनामीचा उत्सव १९०३ पासूनचा. नोव्हेंबरात शाळेची मुले बांधावर येतात आणि त्याच्यावर नवी माती टाकतात.